फिरवलं का?

सदा,

परवा नदीकाठी तुझा दहावा झाला. माझ्या हातात माईक देऊन तुझा पुतण्या म्हणाला, "मास्तर, तुमी आबांचे सगळ्यात जुने दोस्त. दोन शब्द बोला." मी बोललो. औंढ्याची ती खडकाळ जमीन तू कशी कसलीस ते बोललो. तुझ्या डबा कॅमेऱ्याबद्दल बोललो. एका रोलमध्ये आठच फोटो निघायचे आणि तेवढे तू महिनाभर पुरवायचास, हे सांगितलं तेव्हा हातात मोबाइल घेऊन उभी असलेली पोरं हसली. मग मी खाली बसलो. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस घाबरून खाली बसला, पण लोकांना वाटलं, मास्तरांचा गळा दाटून आला.

माझ्यानंतर एक जण न बोलावताच उठला. साठी ओलांडलेला, काटक, पांढरी टोपी. त्यानं माईक घेतला नाही.

"मी गोमा ठाकराचा पोरगा, काळूराम. पासष्टच्या लढाईत माज्या बापाला हेर म्हनून चार दिवस कोंडला हुता. आबांनी काढल्याल्या फोटोमुळं कोंडला, हे हितं समद्यास्नी ठावं हाय. आबांच्या हातनं चूक झाली. माजी आय मरंस्तोवर त्यांच्या नावानं शिव्या देत हुती. पर मानूस आता गेला. आमच्या घरानं आबांना माफ केलं. एवढंच."

तुझी मंदा उठली आणि तिनं त्याच्यापुढे हात जोडले. तुझ्या मुलीनं, सदा. सगळा जमाव हळहळला. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "लय मोटं मन." मी मान हलवली.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी घरी येऊन गोळी घेऊन झोपलोही असतो. साठ वर्षं तेच केलंय. पण निघताना कोणीतरी काळूरामला विचारलं, ठाकरवाडीचा रस्ता आता कुठून वर चढतो? त्यानं हनुवटी उचलून डोंगराकडे दाखवलं. बाजूला त्याची नात उभी होती, कॉलेजात जाणारी. ती म्हणाली, "नाही, नवा रस्ता तिकडून आहे," आणि तिनंही हनुवटी उचलली. दोघांचेही हात खाली होते.

मी जागीच उभा राहिलो तो तेव्हा. गोमा कोंडून सुटून आला त्यानंतर मरेपर्यंत त्यानं कुठलीच दिशा हातानं दाखवली नाही, हनुवटीनं दाखवली. आता त्याची पणती तशीच दाखवते आणि तिला ठाऊकही नाही की का. ज्यांना ठाऊक होतं त्यांतला तू गेलास. राहिलो मी एकटा.

म्हणून हे लिहितोय.

मी मास्तर म्हणून लोणावळ्यात आलो तेव्हा तू इंजिनांच्या शेडमध्ये लागून दोन वर्षं झाली होती. तुझे वडील एका बंगल्यावर माळी होते. बंगल्याचा साहेब विलायतेला जाताना त्यांना तो काळा डबा देऊन गेला. तुझ्या आईनं त्यात वर्षभर मीठ-मिरची ठेवली नाही हेच नवल, असं तू सांगायचास. पुढे एक काच, बाजूला एक खटका, वर फिरवायची किल्ली आणि पाठीमागे नखाएवढी लाल खिडकी. किल्ली फिरवली की त्या खिडकीत पुढचा आकडा यायचा. दुसरं काही नव्हतं. काच पुढेमागे होत नसे. उजेड कमी असला तर फोटो नाही. माणूस पाच पावलांच्या आत आला तर धुरकट.

"मग पाच पावलं लांब ऱ्हायचं," तू म्हणायचास. "मानसाला बी बरं वाटतं."

मला तो डबा कधी पुरेसा वाटला नाही. तेव्हा मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात चामड्याच्या पेटीतले कॅमेरे असायचे. ते चिक्कीच्या दुकानासमोर उभे राहून बायकापोरांचे एकामागून एक फोटो काढत. मी म्हणायचो, आपण दोघं मिळून एखादा बरा घेऊ. तू ऐकायचा नाहीस. एक कॅमेरा, महिन्याला एक रोल, आठातले चार तुझे, चार माझे. एकाच गोष्टीचा दुसरा फोटो नाही. चुकला तर चुकला. कितीदा भांडलो आपण यावरून! "तुझा हा उपास कशासाठी?" असं मी विचारलं की तू म्हणायचास, "मास्तर, पोट भरल्यावर मानूस चवीनं खातो का?"

आणि तुझं खरं होतं, हे आज कबूल करतो. चिक्की कापणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा फोटो आठवतो? पाटावर थापलेल्या गरम चिक्कीवर सुरी धरून तो श्वास रोखून उभा आहे आणि समोर तूही श्वास रोखून उभा. शेवटचा आठवा फोटो शिल्लक म्हणून अख्खा बाजार तू हिंडलास, खटका दाबला नाहीस आणि संध्याकाळी म्हणालास, "आज समदे माझ्याकडंच बगत हुते. मी कुनाला बगू?" माझे चार मी पहिल्या तासात संपवायचो. तुझ्या फोटोतली माणसं बोलायच्या बेतात असत. माझ्या फोटोतली माणसं नुसती उभी असत. ते मला दिसत होतं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, त्यामुळे जास्तच दिसत होतं.

आपली एक पद्धत होती, ती इथे नीट लिहून ठेवतो, कारण सगळं त्यातच आहे. ज्यानं खटका दाबला त्यानं किल्ली फिरवायची नाही. खटका दाबून लगेच मान खाली घालून यंत्राशी खुडबुड केली की समोरच्याला वाटतं, आपलं काहीतरी घेऊन हा चालला. म्हणून खटका दाबणाऱ्यानं डबा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण त्या माणसाशी बोलत राहायचं. पोरंबाळं, पीकपाणी, काहीही. दुसऱ्यानं पाठ वळवून, हाताच्या आडोशात लाल खिडकी धरून पुढचा आकडा आणायचा. आणि दर वेळी पहिला विचारायचा, "फिरवलं का?" दुसरा सांगायचा, "फिरवलं." विसरलं तर पहिल्या फोटोवरच दुसरा फोटो बसणार. तो डबा सांगणार नाही, अडवणार नाही. सगळा भरवसा त्या एका शब्दावर.

हे दोन शब्द आपण इतक्यांदा बोललो की तुझी आई चिडवायची, "जात्यावर बसलेत जनू दोघं. फिरवलं का, फिरवलं का!"

आणखी एक नियम तुझा एकट्याचा होता. रेल्वेकडे डबा वळवायचा नाही. स्टेशन नाही, पूल नाही, बोगदा नाही. तशा मनाईच्या पाट्या होत्याच, पण तू पाटीमुळे नाही म्हणत होतास. "ती माझी भाकर हाय," तू म्हणायचास. "भाकरीचा फोटो काडत न्हाईत."

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई लागली तेव्हा त्या पाटीला दात आले. गावात जो तो दुसऱ्याकडे संशयानं पाहायला लागला. काचांना काळे कागद चिकटवले. घाटात विमानातून छत्रीनं माणसं उतरली अशी रोज अफवा. एका फिरत्या फकिराला तीन ठिकाणी धरून विचारलं. मी तुला म्हणालो होतो, या महिन्यात डबा घरीच ठेवू. तू म्हणालास, "बाजारातल्या मानसांचं काय लपवायचं हाय? ती तर हितंच हायती."

त्या बाजाराच्या दिवशी तुझी सुट्टी होती. पाऊस उघडला होता, ऊन धुतल्यासारखं होतं. गोमा ठाकर मधाचे डबे घेऊन ताडपत्रीच्या सावलीपुढे बसला होता. तू त्याला विचारलंस, पोळं कुठलं? तो उठून उभा राहिला, उजवा हात लांब केला आणि म्हणाला, "तितं, त्या कड्याला. बग की, माज्या बोटाच्या सुतात!" तू खटका दाबलास. लाल खिडकीत तेव्हा पाचचा आकडा होता. डबा माझ्या हातात दिलास आणि गोमाशी बोलत राहिलास. मधमाशी चावल्यावर बायको काय म्हणाली, असं काहीतरी तो सांगत होता आणि तुम्ही दोघं हसत होतात.

मी पाठ वळवली. हाताचा आडोसा केला. आणि तेवढ्यात मला ती गाडी दिसली.

गावाबाहेरच्या ओढ्यावरच्या पुलावर ती सिग्नलसाठी थांबली होती. लष्कराची मालगाडी. उघड्या डब्यांवर ताडपत्र्या आणि त्यांच्याखाली तोफांचे आकार. आभाळ पांढरं, गाडी काळी, खाली पुलाच्या कमानी. सदा, असा फोटो तुझ्याकडे नव्हता. तुझ्याकडे असणारच नव्हता, कारण तू तो काढणारच नव्हतास. मला तेवढंच सुचलं.

तू दळणाचा डबा उचलून गिरणीकडे निघालास. कोपऱ्यावर वळताना ओरडलास, "मास्तर, फिरवलं का?"

मी म्हणालो, "फिरवलं!"

किल्लीला माझा हात लागलाही नव्हता.

बेत म्हणून मी खोटं बोललो असं नाही. तोंडाला सवय होती, तोंड बोललं. पण हेही लिहितो की तू कोपऱ्यावरून नाहीसा व्हावास म्हणूनच मी इतक्या घाईनं बोललो. मग डबा पिशवीत घालून, पिशवीचं तोंड जरा उघडं ठेवून, मी ओढ्याकडे गेलो. फोटो हलू नये म्हणून पिशवी झाडाच्या बुंध्याला टेकवली. खटका दाबला. परत येताना किल्ली फिरवली. सहा. सगळं जागच्या जागी आहे असं वाटलं. डबा तुझ्या घरी ठेवला, पुलाचं बोललो नाही. रोलमधले उरलेले फोटो तू दुसऱ्या दिवशी संपवलेस, स्टुडिओत रोल तुझ्या नावानं टाकलास आणि धाकट्या बहिणीचं बाळंतपण अवघड झाल्याचा निरोप आला म्हणून बेगडेवाडीला निघून गेलास.

त्यानंतरचे चार दिवस माझे आहेत. ते तुझ्या नावावर लागले. आज परत घेतो.

स्टुडिओवाल्यानं शाळा सुटल्यावर मला आत बोलावलं. दार लावलं आणि ओला फोटो पुढे धरला. गोमाच्या मागे ताडपत्रीची गडद सावली होती ना, त्या काळोखात पूल स्वच्छ उतरला होता. कमानी, डबे, ताडपत्र्या, सगळं. आणि त्या सगळ्यावर भुतासारखा उभा गोमा. त्याच्या छातीतून पुलाची कमान आरपार दिसत होती आणि त्याचा लांब केलेला हात, ते बोट, बरोबर तोफांवर टेकलं होतं.

"हे काय आहे, गुरुजी?" तो म्हणाला.

मला एका नजरेत कळलं की काय आहे. त्यालाही कळलं होतं, त्याचा तोच धंदा होता. एका फिल्मवर दोन फोटो. पण तो म्हणाला, "मी हे जवळ ठेवलं आणि उद्या सापडलं तर? मला पोरं आहेत." मी म्हणालो, "मला काही माहीत नाही." हे माझं दुसरं खोटं. तो घाबरून फोटो चौकीवर घेऊन गेला आणि मी घाबरून घरी गेलो.

कोणत्या चौकीत, कोणाकडे, ते लिहीत नाही. त्यातलं आता कोणी नसेल. लढाईपायी बाहेरून आलेले साध्या कपड्यांतले दोन साहेब होते. ज्याच्या नावावर रोल होता तो तू गावात नव्हतास, फोटोत दिसणारा गोमा होता, म्हणून त्यांनी आधी त्याला धरलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेकडे चाललो असताना गोमाला बाजारातून नेताना पाहिलं. त्याच्या खांद्यावर मधाचा डबा तसाच होता. तो ओळखीच्या प्रत्येकाकडे बघून म्हणत होता, "आवो, मी काय केलं? कुनी सांगा की, मी मधवाला हाय!" माझ्याकडेही बघितलं. "मास्तर, तुमी तरी सांगा!"

मी शाळेत गेलो. हजेरी घेतली. त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती, शाळाखात्याच्या साहेबांच्या एका शेऱ्यावर अडली होती. पुण्याला आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. ही कारणं खरी आहेत, पण ती मला नंतर सुचली. त्या क्षणी फक्त भीती होती. रस्त्यावर सायकलची घंटा वाजली तरी खडू मोडायचा. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं मैदानात खेळत होती. एक मुलगा हात लांब करून उभा आणि बाकीचे त्याच्याभोवती ओरडतायत, "हेर सापडला! हेर सापडला!" मी त्यांना गप्प बसवलं नाही. ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिलो. मला वाटलं, यातला एखादा आता वळेल आणि माझ्याकडे बोट दाखवेल.

चौकी माझ्या शाळेपासून दहा मिनिटांवर होती. चार दिवस, रोज दोनदा, मी तिला लांबचा वळसा घालून गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी तू बेगडेवाडीहून आलास. बहीण वाचली होती, त्या आनंदात होतास. स्टेशनवरच तुला गोमाचं कळलं. तू तसाच माझ्या दारात आलास. "चल," एवढंच म्हणालास. रस्त्यानं मी तुला फोटोत काय आलंय ते सांगितलं. कोणी काढलं ते सांगितलं नाही. तू काही वेळ चाललास. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "मास्तर, त्या दिशी फिरवलं हुतंस का?"

त्या प्रश्नात राग नव्हता. तू मला दार उघडून देत होतास, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, तू मला पकडतोयस.

"हो," मी म्हणालो. "फिरवलं होतं."

तू आणखी दहा-बारा पावलं चाललास. "मग माजंच कायतरी ऱ्हायलं असंल," म्हणालास.

चौकीत तू रिकामा डबा टेबलावर ठेवलास आणि साहेबांना दाखवलंस. खट. पुन्हा खट. "मदे फिरवलं न्हाई साहेब, की असं हुतं. ह्यो मानूस बाजारात हुता, गाडी पुलावर हुती. दोगांची गाठ ह्या डब्यात पडली. गोमाचा काय संबंद न्हाई."

"पुलाचा फोटो कोणी काढला?"

"मी."

"रेल्वेत असून?"

"चूक झाली साहेब."

साहेब माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही बरोबर होतात ना?"

"बाजारात होतो," मी म्हणालो. "नंतर मी घरी गेलो. कॅमेरा यांच्याकडेच होता."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. साहेबानं तुला विचारलं, "ही किल्ली नेहमी कोण फिरवतं?"

"मीच," तू म्हणालास.

तू खोटं बोलल्याचं मी उभ्या आयुष्यात एवढं एकदाच ऐकलं.

गोमाला त्याच दुपारी सोडलं. त्याला काय केलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. उजवा हात कोपरात धरून तो बाहेर आला. तू पुढे झालास. तो पाच पावलांवर थांबला आणि म्हणाला, "सदाभाऊ, तुमी हसत हुता की माज्यासंगं." एवढंच. आणि डोंगराकडे निघून गेला. बाजारात पुन्हा कधी बसला नाही.

तुझी शेडमधली नोकरी गेली आणि तू औंढ्याला जमीन कसायला गेलास. तुरुंग टळला तो वरिष्ठांनी तुझं आधीचं काम पाहिलं म्हणून. माझी नोकरी दिवाळीआधी कायम झाली. पेढ्यांचा पुडा घेऊन मी औंढ्याला आलो होतो. तू एक पेढा उचललास, अर्धा आईला दिलास, अर्धा खाल्लास. मला वाटलं, आता विचारशील. नाही विचारलंस.

कधीच नाही विचारलंस. साठ वर्षं मी त्या दोन शब्दांची वाट बघत आलो. तुझ्याकडे येताना पायवाटेच्या शेवटच्या वळणावर मी उत्तर जुळवून ठेवायचो. तुझ्या मंदाच्या लग्नात, माझी बायको गेली त्या वर्षी, गुडघ्यांच्या औषधाच्या गप्पांत, प्रत्येक वेळी. आणि तू शेणखताचं बोलायचास, भाताच्या नव्या वाणाचं बोलायचास. त्या दिवसापासून तू फोटो एकट्यानं काढायला लागलास. खटका दाबायचास तू, किल्ली फिरवायचास तूच. समोरच्या माणसाची क्षमा मागितल्यासारखं एकदा हसायचास आणि मगच मान खाली घालायचास. माझ्या हातात डबा पुन्हा दिला नाहीस. ही एकच शिक्षा तू मला दिलीस. तीही शिक्षा म्हणून दिलीस की नाही, मला माहीत नाही.

ठाकरवाडीवर तू दर दिवाळीला जायचास, हे मला तुझ्या आईकडून कळलं. गोमाची बायको चांगुणा तुला बघितलं की दारात यायची आणि सुरू व्हायची. "आला बग फोटूवाला! आता काय माजा फोटू काडून मला फाशी देतोस का?" तू तिच्यापासून पाच पावलांवर उभा राहून ते सगळं ऐकायचास, ओटीवर तांदूळ ठेवायचास आणि परत यायचास. ते बोलणं माझं होतं, सदा. तू माझ्या वाटचं ऐकत होतास.

सत्तर सालाच्या पुढे मी तो नवा कॅमेरा घेतला, आठवतं? हौसेनं तुला दाखवायला आणला. तू उलटासुलटा करून बघितलास. मी म्हणालो, "यात फिल्म पुढे सरकवल्याशिवाय खटका दाबलाच जात नाही." बोलून गेलो आणि जीभ चावली. तू खटका दाबून बघितलास. दाबला गेला नाही. पुन्हा दाबलास.

"लय हुशार हाय," म्हणालास. "ह्यात चूक करायची सोयच न्हाई. मग मानसानं कबूल काय करायचं?"

आणि कॅमेरा माझ्या हातात दिलास. मी घरी येऊन तो कपाटात ठेवला. त्यावर बोलणं राहून गेलं. तू विनोद केलास की विचारलंस, हे विचारायचंही राहून गेलं.

दोन महिन्यांपूर्वी शेवटचा आलो तेव्हा तू अंगणात खाटेवर होतास. डोळे गेले होते. "मास्तर, उजेड कसा हाय आज?" तू विचारलंस. मी सांगितलं, पांढरा आहे, सावल्या मऊ आहेत, ढग पातळ. तू म्हणालास, "मानसांना चांगला." त्या दिवशी मी सांगायचं ठरवून आलो होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात मंदा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काका, आबांना तुम्ही आलात की किती बरं वाटतं." मी चहाला साखर जास्त झाल्याचं बोललो.

काल मी ठाकरवाडीवर गेलो. रिक्षा नव्या रस्त्यानं वाडीपर्यंत जाते आता. काळूराम भात झोडपायची जागा सारवत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. पूल, पिशवी, चार दिवस, चौकी. तो सारवायचा थांबला नाही. सगळं झाल्यावर त्यानं हात धुतले आणि माझ्यासमोर आला.

"म्हंजी माज्या आयनं साट वर्सं चुकीच्या मानसाला शिव्या दिल्या?"

"हो."

"आन् त्यो ऐकून घ्यायचा?"

"हो."

"आन् तुमी?"

त्यानं वाट बघितली. कोंबड्या अंगणभर हिंडत होत्या. मला खरोखर वाटलं, हा आता हात उचलेल. मी त्याला अडवलं नसतं.

"माज्या बापाला चौकीवर नेत हुते तवा तुमी बगितलं?" त्यानं विचारलं.

"बघितलं. तो मला म्हणाला, मास्तर तुमी तरी सांगा."

तो वळून आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. त्याच्या नातीनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला, तिला काही माहीत नव्हतं. मग तो आला तो चौकटीला धरून उभा राहिला.

"मास्तर, दहाव्याला मी चारचौगांत बोललोय. आबांना माफ केलं म्हनलोय. ज्यानं कायबी केलं न्हाई त्याला माफ करून बसलोय मी. हसंल त्यो वर बसून." तो हसला नाही. "आता मला माजा शब्द फिरवायला लागंल."

"फिरव," मी म्हणालो.

"मी न्हाई. तुमी फिरवायचा. तेराव्याला, औंढ्यात, त्याच मानसांपुढं. मंदाताईपुढं. मी समोर बसनार हाय. आन् तुमाला माफ करायचं का न्हाई, ते मी तवा बगीन. आत्ता कायबी बोलत न्हाई."

मी वाट विचारली, रिक्षा कुठे उभी आहे म्हणून. त्यानं हनुवटी उचलायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. स्वतःच्या हाताकडे बघितलं. पण तो उचलला नाही. हनुवटीनंच दाखवलं.

उद्या तेरावा आहे. हे कागद मी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवणार आहे. मला भीती वाटते, सदा. मंदाच्या तोंडाकडे बघायची वाटते. हसणाऱ्या पोरांची वाटते. आणि सगळ्यात जास्त भीती याची वाटते की माईक हातात आल्यावर माझ्या तोंडाला जुनीच सवय आठवेल आणि मी पुन्हा तुझ्या शेतीबद्दल बोलून खाली बसेन. म्हणून हे लिहून काढलंय. बोलायचं नाही, फक्त वाचायचं आहे, पहिल्या शब्दापासून इथपर्यंत. मधे थांबलो तर काळूरामनं उठून कागद घ्यावा आणि पुढचं वाचावं, असं त्याला सांगून ठेवतो.

तू दळणाचा डबा खांद्यावर घेऊन कोपऱ्यावर उभा आहेस. वळून विचारतोयस. ऐकू आलं मला, सदा.

नाही. फिरवलं नव्हतं.